कांधल्यात गलाईचं दुकान: सोन्याच्या आधी ऊस बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय तेवीस, बी.कॉम. झालंय, गाव खानापूर तालुक्यातलं. मामांचं उत्तर प्रदेशात शामली जिल्ह्यातल्या कांधल्यात गलाईचं, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं दुकान आहे. आता त्यांना नजर साथ देत नाही, म्हणून ते तुला बोलावतायत. तू नकाशा उघडलास, गाव बारकं दिसलं आणि भोवती नुसती हिरवी चौकोनं. एवढ्याशा शेतकरी गावात गाळायला सोनं येऊन येऊन येणार किती, आणि तिथं आयुष्य काढायचं कसं, असं तू विचारलंयस.

मी १९९५ साली चुलत्यांचं बोट धरून या पट्ट्यात आलो. आधी बडौत, मग शामली, आणि गेली अठरा वर्षं कांधल्याच्या बाजारात. तुझे मामा कोण हे मला बहुतेक कळलंय, पण ते इथं नको. धंद्याचं बोलू.

गाव बारकं म्हणतोस तर २०११ च्या जनगणनेत वस्ती ४६ हजारांच्या वर होती, म्हणजे जवळपास आपलं विटं. फरक असा की विट्याला यंत्रमाग आहेत, कोंबड्यांचा धंदा आहे आणि देशभर पसरलेल्या गलाईवाल्यांचा पैसा येतो. कांधल्याला ऊस आहे आणि उसावर जगणारे बाकीचे आहेत. दिल्लीहून शाहदरा, बागपत, बडौत करत सहारनपूरला जाणाऱ्या रेल्वेवर शामलीच्या अलीकडचं हे स्टेशन. १९०७ साली इथं छोट्या रुळांची लाइट रेल्वे सुरू झाली आणि १९७० ला बंद पडली. मोठे रूळ नंतर आले. म्हातारी माणसं अजून त्या छोट्या गाडीच्या गोष्टी सांगतात, त्या ऐकून घ्यायच्या. गिऱ्हाईक गोष्ट सांगत असलं की घाईत नसतं.

पश्चिमेला यमुना, तिच्या पलीकडं पानिपत. मधून पूर्व यमुना कालवा गेलाय, तो १८३० पासून वाहतोय. माती सगळी गाळाची. नांगराला दगड लागला असं मी इतक्या वर्षांत इथं एकदाही ऐकलं नाही. आपल्या मुरमाड रानातून आलेल्या माणसाला पहिल्या वर्षी याचाच हेवा वाटतो. पाच एकरवाला आपल्याकडं पावसाकडं बघत बसायचा, इथं तोच ट्रॅक्टर, म्हशी आणि दुमजली घर बाळगून असतो. पण हातात रोकड किती, हे विचारशील तर तो हसेल. त्या हसण्यात आपला धंदा आहे.

म्हणून सांगतो, दुकानात बसण्याआधी ऊस समजून घे. तू सांगलीकडचा, म्हणशील मला काय ऊस शिकवता? पण इथली रीत वेगळी आहे. आपल्याकडं कारखाना तोडीची टोळी पाठवतो, वाहन पाठवतो आणि त्याचा खर्च एफआरपीतून, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या भावातून, कापून घेतो. इथं टोळी नाही. शेतकऱ्याला कारखान्याची ‘पर्ची’ येते, पूर्वी कागदाची यायची, आता मोबाइलवर मेसेज येतो. त्यात लिहिलेल्या तारखेला लिहिलेला ऊस त्यानं स्वतः तोडून, सोलून, म्हशीच्या बुग्गीत नाहीतर ट्रॉलीत घालून कारखान्याच्या गेटवर किंवा गावाजवळच्या तौल सेंटरवर, म्हणजे वजनकाट्यावर, नेऊन घालायचा. तोडणीला ‘छिलाई’ म्हणतात. मजुरी बऱ्याच वेळा पैशात नसतेच. वाढं, इथला शब्द ‘अगोला’, जो सोलेल त्यानं जनावरांना न्यायचं. थंडीत सकाळी डोक्यावर अगोल्याचे भारे घेतलेल्या बायकांची रांग दिसते, त्यातल्या पुष्कळ बायका तुझ्या दुकानात चांदीची जुनी पाजेब, म्हणजे पैंजण, घेऊन येणाऱ्या. त्यांना ओळखून ठेव.

कुणाला किती पर्च्या, हे ‘बेसिक कोट्या’वर ठरतं, म्हणजे मागच्या वर्षांत त्यानं किती ऊस घातला त्यावर. नवा शेतकरी, वाटणी होऊन वेगळा झालेला भाऊ, खंडानं रान करणारा, यांचा कोटा तोकडा असतो. त्यांचा ऊस कोल्हूवर जातो. कोल्हू म्हणजे आपलं गुऱ्हाळ. तिथं भाव बहुतेक वेळा कारखान्यापेक्षा कमी, पण पैसे रोख. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर मोठे शेतकरीही पेडीचा ऊस, म्हणजे आपला खोडवा, कोल्हूवर घालतात, कारण रान मोकळं करून गहू पेरायचा असतो आणि कारखाना अजून नीट पेटलेलाही नसतो. गुळाचे प्रकारही शिकून घे, इथं ‘चाकू’, ‘पपडी’, ‘लड्डू’ असे आकारावरून भाव होतात. रस साफ करायला आपल्या भेंडीऐवजी सुकलाई नावाची वनस्पती कुटून घालतात. हे गलाईवाल्याला कशाला, असं वाटेल. कोल्हूवर कढई चढली की साताठ दिवसांत बाजारात रोकड दिसायला लागते. कारखान्याची शिट्टी वाजली तरी महिनाभर दिसत नाही. तुझा दिवाळीचा माल किती भरायचा, ते कढईवरून ठरव.

आता हिशोब. इथं एकर बोलत नाहीत, बिघा बोलतात, आणि बिघा छोटा. हेक्टरला बारा, म्हणजे एकराला पावणेपाच-पाच. चांगल्या रानात बिघ्याला सत्तर-ऐंशी क्विंटल ऊस निघतो. उत्तर प्रदेश सरकार स्वतःचा भाव जाहीर करतं, २०२५-२६ च्या हंगामाला लवकर येणाऱ्या वाणांना क्विंटलला ४०० आणि साधारण वाणांना ३९० रुपये. पंचवीस बिघेवाल्याचा धर साडेसात लाखांचा ऊस. यातून खत, औषध, मजुरी, ट्रॅक्टरचा हप्ता गेला की उरलेल्यात घर, शाळा आणि लग्न. पोटापुरतं म्हणता येईल, श्रीमंती नव्हे. आणि हे साडेसात लाख एकदम येत नाहीत, पर्चीगणिक बँकेत पडतात, तेही कारखान्याच्या मर्जीनं.

कायद्यानं ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. कागदावर. काही कारखाने वेळेवर देतात, काहींचं पेमेंट पुढच्या हंगामापर्यंत लोंबकळतं. याच शामलीजवळच्या करमूखेडीच्या वीजघरावर १९८७ च्या जानेवारीत शेतकरी नेते महेंद्रसिंह टिकैतांनी विजेच्या दरवाढीवरून धरणं धरलं आणि त्यातून या भागातल्या शेतकऱ्यांची ताकद देशाला दिसली. आजही ‘भुगतान’, म्हणजे उसाचं पेमेंट, हा शब्द इथं दिवसातून पन्नास वेळा ऐकशील. चहाच्या टपरीवर बसलास तर कुठल्या कारखान्याचं कुठल्या तारखेपर्यंतचं पेमेंट झालं हे लोक पाढ्यासारखं सांगतात. तू ते पाठ कर. मी दुकानाच्या वहीच्या पहिल्या पानावर अजूनही लिहून ठेवतो.

का, ते माझ्या चुकीवरून सांगतो. एका वर्षी पट्ट्यातल्या एका कारखान्याचं पेमेंट फेब्रुवारीपासून अडलं. लग्नसराई तोंडावर. बाजारातले दोन सराफ म्हणाले, ‘मराठे, सोना दे दे, गन्ने का पैसा आते ही हिसाब।’ माणसं चांगली, वर्षानुवर्षांचा व्यवहार. मी शुद्ध सोनं उधार दिलं आणि वहीत रुपये मांडले. ऊसवाल्यांचा पैसा आला दिवाळीला, त्यांनी सराफांना दिला, सराफांनी मला दिला, पैसुद्धा बुडवली नाही. फक्त तोपर्यंत भाव इतका चढला होता की त्या रुपयांत मला दिलेल्याच्या पाऊणपट सोनं मिळालं. चुलते काही बोलले नाहीत. वही घेतली, ‘रुपये’ खोडून वर ‘ग्रॅम’ लिहिलं आणि परत दिली. तेव्हापासून सोनं दिलं तर सोनंच घ्यायचं. उधारी वजनात मांडायची. तुझ्या बी.कॉम.च्या अकौंटन्सीत हे आहे का मला माहीत नाही, पण गलाईत हे पहिलं पान.

उलट बाजूही आहे. पेमेंट अडलं की घरातलं सोनं बाहेर येतं. आधी गिरवी, म्हणजे गहाण, सावकाराकडं किंवा बँकेच्या गोल्ड लोनला. मग ते सुटलं नाही की मोड. जून-जुलैत हे जास्त दिसतं: शाळेच्या फिया, धान लावायची मजुरी आणि हातात फक्त कारखान्याकडची येणी. म्हणजे ज्या महिन्यात दागिने विकणारा सराफ माशा मारतो त्या महिन्यात आपली भट्टी पेटलेली असते. त्याच दिवसांत श्रावणातली कावड यात्रा येते. आठ-दहा दिवस रस्ते भरलेले, वाहतूक वळवलेली. मेरठ-दिल्लीला माल पाठवायचा असेल तर त्याआधी उरक. देवउठनी एकादशीपासून लग्नं लागली की चाक उलटं फिरतं. जुनं घेऊन नवं घडवायचं असतं, तेव्हा गाळायलाही येतं आणि शुद्धही लागतं. ईदच्या आधीचे पंधरा दिवस वेगळे धर. पितृपक्षात दुकान रंगवून घे.

उसावर रोग आला तरी ते मुशीत, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यात, कळतं. या भागात को-०२३८ नावाच्या वाणानं बारा-पंधरा वर्षं सोन्यासारखं उत्पन्न दिलं, सगळ्यांनी तोच लावला, आणि मग त्याला लाल सडन धरली. उभा ऊस आतून लाल होऊन वाळतो. पाणी साचणाऱ्या सखल गावांना आधी फटका. त्या वर्षी एकाच गावातून लागोपाठ सहा-सात जणांची हातातली कडी आणि गळ्यातल्या हँसल्या आल्या, तेव्हा मी सराफाला विचारलं, तर तो म्हणाला, सबका शून्य-दो-सौ-अडतीस था. आता शेतकरी दुसऱ्या वाणांवर गेलेत.

मुशीतल्या कामाचं थोडक्यात सांगतो. ते मामा हाताला धरून शिकवतील, लिहून येत नाही. इथला जुना दागिना शहरातल्यासारखा नसतो. हँसली जाड, पण टाक्याचा, म्हणजे जोडाच्या डागाचा, भरणा भरपूर. मनगटातली पौंची आणि पोकळ कड्यात लाख भरलेली, ती जळून गेली की वजन उतरतं आणि गिऱ्हाईक तुझ्या तोंडाकडं बघतं. म्हणून गाळण्याआधी त्याच्यासमोर तोडून लाख काढून दाखवायची, मग वजन सांगायचं. ‘टंच’ म्हणजे आपला कस. आता सगळ्यांकडं एक्स-रेचं मशीन आलंय, दागिना ठेवला की आकडा येतो. तो आकडा वरच्या कातडीचा असतो. मुलामा जाड असेल तर मशीन खुशाल फसतं. कसोटीच्या दगडावर रेघ ओढायला शीक, आणि शेवटचा शब्द गाळल्यावरच दे. अलीकडं सोन्यात रुथेनियम, इरिडियमची पूड मिसळलेली सापडते. सोन्यात ती विरघळत नाही, रस केला की मुशीच्या तळाशी कडक कण बसतात. मशीनला ते शोधायला सांगितलं नसेल तर दिसतही नाही. लगडीचा तळ तासून बघायची सवय लाव.

शुद्ध करायची रीत जुनीच: सोन्याच्या साधारण तिप्पट चांदी घालून रस करायचा, पाण्यात ओतून दाणे पाडायचे, ते नायट्रिकमध्ये उकळायचे. चांदी-तांबं विरघळतं, खाली तपकिरी भुकटी उरते तेच सोनं, धुऊन टाकणखार घालून पुन्हा गाळायचं. विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवायची. उकळताना जो तांबूस धूर निघतो तो फुप्फुस खातो. चुलते रात्रभर खोकायचे आणि आम्ही थंडी म्हणायचो. मामांच्या दुकानात धूर ओढून पाण्यातून काढायची व्यवस्था नसेल तर पहिल्या वर्षीच्या कमाईतून ती बसव, मोबाइल नंतर घे. शेजाऱ्यांची तक्रार आणि प्रदूषणवाल्यांची नोटीस दोन्ही त्यानं वाचतात. ॲसिड परवानाधारकाकडूनच घ्यायचं, नोंद करून. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून किरकोळ ॲसिड विक्रीवर कडक नजर आहे.

खरी भीती धुराची नाही, चोरीच्या मालाची. आपल्या कितीतरी पोरांचं आयुष्य यात गेलं. कुणीतरी अनोळखी तुटकी साखळी घेऊन येतो, दहा टक्के कमीनं देतो, चार दिवसांनी पोलीस त्याला घेऊन तुझ्या दारात. चोरीचा माल घेतल्याचं पूर्वीचं दंड संहितेचं कलम ४११, आता न्याय संहितेचं ३१७. आणि गाळलेलं सोनं ‘हे ते नव्हे’ असं सिद्ध कसं करणार? परगावचा, परभाषेचा, सोनं वितळवणारा माणूस हा कुठल्याही तपासाला सोपा पडतो. माझा नियम असा की रस्त्यावरच्या माणसाकडून कधी विकत घ्यायचं नाही. बाजारातल्या सराफाचंच काम घ्यायचं, चिठ्ठीसकट. शेतकरी ओळखीचा असला तरी त्याला सराफाबरोबर ये म्हणायचं. आधारची प्रत, फोटो, कॅमेरा आणि जीएसटीची नोंद ठेवायची. एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणी मात्र जाऊन करून ये, ती पुढं कामाला येते. कमाई कमी होते, झोप लागते.

राहण्याचं. इथं तुला नावानं कुणी हाक मारणार नाही, तू ‘मराठा’. बोली खडी, कानाला भांडल्यासारखी वाटते, भांडण नसतं. बाजारात लाला, जैन व्यापारी, जाट चौधरी, गुज्जर, आणि गावात मुसलमान वस्ती मोठी. तबलीगी जमात सुरू करणारे मौलाना इलियास याच कांधल्याचे. २०१३ च्या सप्टेंबरात मुझफ्फरनगर-शामलीत दंगल झाली, साठाहून जास्त माणसं गेली, हजारो कुटुंबं गावं सोडून कांधला-कैरान्याच्या छावण्यांत आली. त्या आठवड्यांत दोन्हीकडचं सोनं माझ्या भट्टीवर आलं, आणि ते कशासाठी विकतायत हे मी कुणालाच विचारलं नाही. तूही राजकारणावर दुकानात तोंड उघडू नकोस. आपण सगळ्यांचे, म्हणूनच आपल्याकडं विश्वासानं येतात.

एक गोष्ट मात्र अभिमानानं सांग. शेजारचं कैराना म्हणजे शास्त्रीय गाण्यातल्या किराणा घराण्याचं गाव. तिथले अब्दुल करीम खाँ दक्षिणेत आले आणि मिरजेत राहिले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे, तिथं दर वर्षी गाणं होतं. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. म्हणजे कैरान्याचा माणूस सांगली जिल्ह्यात गाणं घेऊन गेला आणि आपण सांगली जिल्ह्यातून मूस घेऊन इकडं आलो. एका म्हाताऱ्या कैराणवी गिऱ्हाइकाला मी हे सांगितलं, तेव्हापासून त्याच्या घरचं काम दुसऱ्या दुकानात गेलेलं नाही.

यावंस का, हे शेवटी तुझं तू ठरव. आमच्या पिढीला पर्याय नव्हता. बहात्तरच्या दुष्काळानं आमच्या आधीच्यांना हुसकलं, १९९० ला सुवर्ण नियंत्रण कायदा गेला आणि धंद्याला वाट मोकळी झाली, मग आम्ही निघालो. आता टेंभू सिंचन योजनेचं पाणी आपल्याकडं आलंय. तुझ्या घरच्या रानाला ते मिळत असेल आणि डाळिंब जमत असेल, तर कांधल्याच्या दुकानाशी त्याची तुलना वडिलांबरोबर बसून एकदा वहीवर मांड. इथलं मोठं काम हळूहळू मेरठकडं सरकतंय, हेही धर. हॉलमार्क आल्यापासून बारका सराफ स्वतः घडवण्यापेक्षा तयार दागिना आणून विकतो, त्याला शुद्ध सोनं कमी लागतं. जुनं मोडायला मात्र त्याला अजून तूच लागशील.

यायचं ठरलं तर चैत्रात येऊ नको. तेव्हा बाजार भरलेला असतो आणि तुला शिकवायला कुणाला वेळ नसतो. दसरा झाला की नीघ. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस निजामुद्दीनला सोडते, तिथून शाहदऱ्याला येऊन सहारनपूरची पॅसेंजर धर. पहिले आठ दिवस मामांना सांगून एखाद्या कोल्हूवर काढ, गरम गूळ खा, ऊस घेऊन आलेल्यांशी बोल, कुणाचा ऊस कारखान्याला जाणार आणि कुणाचा इथंच, ते बघ. मग दुकानात बस. आणि येताना ज्वारीचं पीठ दहा किलो तरी आण. इथं ज्वारी म्हशींना घालायला पेरतात, भाकरीला मिळत नाही, आणि मामांनी मागितलं नसलं तरी त्यांना हवं असणार.